नरककल्पना आणि ईश्वराची करुणा : नीळकंठशास्त्री गोरे यांच्या वैचारिक प्रवासाच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

मुंबई-पुणे लोहमार्गावरील शेलू, नेरळ, कर्जत या पट्ट्यातील काय किंवा महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही भागातील काय, घरात मृत्यू घडला की सुतकाच्या दिवसांत गरुडपुराण वाचण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आजही आढळते. त्या पुराणात यममार्गाचे, वैतरणीचे आणि निरनिराळ्या नरकांचे विस्तृत वर्णन येते. ज्या घरात हे वाचन चालू असते त्याच घरात संध्याकाळी हरिपाठही म्हटला जातो आणि त्यात ईश्वराला माउली म्हणून हाक मारली जाते. पापी जीवाला यातना देणारी व्यवस्था आणि लेकराला पोटाशी धरणारी माउली या दोन कल्पना एकाच श्रद्धेत कशा नांदतात, हा प्रश्न सामान्य श्रोत्याला सहसा पडत नाही. तो पडतो तेव्हा मात्र त्याचे उत्तर सोपे नसते.

जगातील बहुतेक सर्व ईश्वरवादी धर्मांना या प्रश्नाला सामोरे जावे लागले आहे. ईश्वर जर सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर नरक कशासाठी? आणि तो नरक जर कधीच न संपणारा असेल, तर दयाळूपणाचा अर्थ काय उरतो? एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती मिशनरी आणि हिंदू पंडित यांच्यात जे वाद झाले, त्यांत हा प्रश्न केंद्रस्थानी असलेले एक विलक्षण प्रकरण सापडते. एका मराठी पंडिताने तरुणपणी अनंत नरकाच्या सिद्धान्तावर संस्कृतात कठोर टीका केली आणि पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर त्याच सिद्धान्ताचे इंग्रजीत समर्थन केले. हे पंडित म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे, अर्थात फादर नेहेम्या गोरे (१८२५-१८९५) होत. प्रस्तुत निबंधात त्यांच्या या प्रवासाच्या आधारे नरक व करुणा यांच्या संबंधाचा ऐतिहासिक विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, अनंत नरकाविषयीचा आक्षेप मराठी पंडितांनी युरोपीय विचारवंतांकडून उसना घेतला होता की आपल्या परंपरेतून मांडला होता, हे तपासणे. दुसरे, गोरे यांच्या मतपरिवर्तनामागील तर्क समजून घेणे. तिसरे, या वादात दोन्ही पक्षांनी दिलेल्या उत्तरांच्या नैतिक मर्यादा दाखविणे. यासाठी ऐतिहासिक व विवेचक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. भारतीय परंपरेतील नरक : स्वरूप व मर्यादा

भारतीय परंपरेत नरकाच्या वर्णनांची उणीव नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एकवीस नरकांची नावे येतात. भागवत पुराणाच्या पाचव्या स्कंधाच्या अखेरीस एकवीस आणि त्यांत आणखी सात मिळवून अठ्ठावीस नरक सांगितले आहेत व कोणत्या पापासाठी कोणता नरक हेही नमूद केले आहे. ही वर्णने सौम्य नाहीत. तथापि बहुसंख्य हिंदू संप्रदायांच्या मते नरक ही जीवाची अखेरची अवस्था नव्हे. पापाचे फळ भोगून संपले की जीव पुन्हा जन्म घेतो. नरक हा मुक्काम आहे, वस्ती नाही.

ईश्वरावर येणाऱ्या क्रूरतेच्या आरोपाची जाणीवही या परंपरेला फार पूर्वीपासून होती. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात 'वैषम्यनैर्घृण्य' या दोषांचा विचार केला आहे. वैषम्य म्हणजे पक्षपात आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. कोणी सुखी, कोणी दुःखी अशी सृष्टी निर्माण करणारा ईश्वर पक्षपाती व निर्दय ठरत नाही काय, असा हा पूर्वपक्ष आहे. ईश्वर जीवाच्या कर्माची अपेक्षा ठेवून फळ देतो, म्हणून तो दोष त्याच्याकडे येत नाही, असे त्याला उत्तर दिले गेले. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात पर्जन्याचा दृष्टान्त दिला आहे. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, परंतु भात आणि जव यांच्यातील भेद त्या त्या बीजामुळे असतो. तसेच ईश्वर आणि जीव यांचे आहे.

या सर्वसाधारण मताला एक महत्त्वाचा अपवाद आहे. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांच्या द्वैत संप्रदायात जीवांची प्रतवारी मानली असून काही जीव स्वभावतःच अंधतमसास पात्र असतात व तेथून त्यांची सुटका नसते, असे मानले आहे. म्हणजे अनंत अधोगतीची कल्पना भारतीय विचाराला सर्वस्वी अपरिचित होती असे म्हणता येणार नाही. ती मुख्य प्रवाहाने स्वीकारली नाही, एवढेच म्हणणे इतिहासाला धरून होईल.

२. वारकरी परंपरेचा वेगळा मार्ग

दार्शनिकांनी कर्माच्या आधारे ईश्वराला निर्दोष ठरविले, तर महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेने या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीच्या माणसांना ईश्वर पुनःपुन्हा अधम योनींत टाकतो असे सांगितले आहे. हे वचन करुणामय ईश्वराच्या कल्पनेला सहज जुळणारे नाही. इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरीत या वचनावर भाष्य करताना ज्ञानदेवांनी अर्थ बदलला नाही किंवा यातनांचे वर्णन कमीही केले नाही. परंतु ते वर्णन करताना वाणीलाच रडू येते, मन मागे सरते, असा उद्गार त्यांनी काढला आहे. पतित जीवाविषयी समाधान किंवा सूडाची भावना तेथे नाही, कळवळा आहे.

हाच भाव ग्रंथाच्या अखेरच्या पसायदानात दिसतो. दुष्टांचा नाश व्हावा अशी मागणी तेथे नसून त्यांच्यातील दुष्टपणा नाहीसा व्हावा अशी मागणी आहे. नवव्या अध्यायात नामकीर्तनाच्या प्रभावाने यमाचे कामच थांबले असे वर्णन येते. तात्पर्य, वारकरी परंपरेने नरकाचे अस्तित्व तर्काने नाकारले नाही. तिने तो भक्तीच्या बळाने रिकामा करण्याची भाषा केली. एकोणिसाव्या शतकातील वादांत ही भाषा फारशी वापरली गेली नाही, हे पुढे लक्षात घ्यावे लागेल.

३. ख्रिस्ती सिद्धान्ताचा मराठी भाषेत प्रवेश

मराठी भाषकांचा ख्रिस्ती नरककल्पनेशी पहिला परिचय गोव्यात झाला. कोकणी ख्रिस्ती समाजात नरकासाठी आजही 'येमकोंड' हा शब्द रूढ आहे. यमाचे कुंड ही मूळची हिंदू प्रतिमा नव्या सिद्धान्तासाठी वापरली गेली. शब्द ओळखीचा होता, मात्र आशय बदलला होता. यमाच्या कुंडातून जीव कधीतरी बाहेर पडत असे, नव्या सिद्धान्तातील कुंडातून सुटका नव्हती.

या सिद्धान्ताचा नवख्या समाजावर होणारा परिणाम फ्रान्सिस झेवियर यांच्या पत्रव्यवहारातून कळतो. जपानमधून परतल्यावर १५५२ च्या जानेवारीत त्यांनी कोचीनहून लिहिलेल्या पत्रात जपानी नवख्रिस्ती लोकांच्या दुःखाचा उल्लेख आहे. आपले मृत आईवडील व पूर्वज नरकातून सुटू शकतील काय, असे ते विचारीत. सुटका नाही हे ऐकून रडत. त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही दुःख झाल्याचे झेवियर यांनी लिहिले आहे. अनंत नरकाविषयीचा आक्षेप केवळ विद्वानांचा नव्हता, पूर्वजांवर प्रेम करणाऱ्या साध्या माणसांचाही होता, हे यावरून स्पष्ट होते.

ब्रिटिश काळात प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यात अंतिम न्यायाच्या संदर्भात शिक्षा आणि जीवन या दोहोंसाठी 'सार्वकालिक' हा शब्द रूढ झाला. या शब्दाची घडण काळवाचक आहे. सर्व काळ टिकणारे ते सार्वकालिक. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कालमर्यादेचा निदर्शक आहे की अवस्थेच्या गुणाचा, याविषयी युरोपात पुढे मोठा वाद झाला. मराठी वाचकापुढे मात्र कालवाचक अर्थच ठळकपणे आला. त्यामुळे मराठीतील वाद आरंभापासूनच 'शिक्षेला अंत आहे की नाही' या मुद्द्याकडे झुकणे स्वाभाविक होते.

४. वादाचे रणांगण : मुंबई ते बनारस

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांच्याशी मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद फेब्रुवारी १८३१ मध्ये झाला. दांडेकरांनी आपली बाजू 'श्रीहिंदुधर्मस्थापना' या पुस्तकात मांडली आणि विल्सन यांनी १८३२ मध्ये तिचे खंडन प्रसिद्ध केले. छापखान्याच्या साहाय्याने चाललेल्या धर्मचर्चेचा हा महाराष्ट्रातील आरंभकाळ होय.

याच सुमारास उत्तर हिंदुस्थानात जॉन म्यूर या नागरी सेवेतील अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ १८३९ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. गुरू आणि शिष्य यांच्या संवादातून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता सिद्ध करण्याचा त्यात प्रयत्न होता. या ग्रंथाला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांतील पहिले उत्तर सोमनाथ या नावाने लिहिले गेले. हे सोमनाथ म्हणजे सिहोर येथील संस्कृत पाठशाळेशी संबंधित असलेले मराठी पंडित सुबाजी बापू होत, असे अभ्यासक मानतात. दुसरे उत्तर बंगालमधील हरचंद्र तर्कपंचानन यांचे होते. तिसरे आणि सर्वांत विस्तृत उत्तर नीळकंठशास्त्री गोरे यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या नावाने १८४४-४५ च्या सुमारास लिहिले. तीनपैकी दोन उत्तरे मराठी पंडितांची असावीत, ही गोष्ट महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

५. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' : आक्षेपाचे स्वरूप

गोरे यांचे घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. ते बुंदेलखंडात व पुढे बनारसला स्थायिक झाले होते. नीळकंठ यांचा जन्म १८२५ चा. न्याय, व्याकरण व वेदान्त यांचे अध्ययन त्यांनी बनारस येथे केले. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला तेव्हा ते जेमतेम वीस वर्षांचे होते. हा ग्रंथ दीर्घकाळ हस्तलिखित स्वरूपात राहिला आणि १९५१ मध्ये स. ल. कात्रे यांच्या संपादनाखाली उज्जैन येथून प्रकाशित झाला.

या ग्रंथातील प्रस्तुत विषयाशी निगडित युक्तिवादाचा सारांश पुढीलप्रमाणे सांगता येईल. ईश्वर सर्वज्ञ असेल तर आपण निर्माण करीत असलेल्या जीवांपैकी कोणते जीव अखेरीस नरकात जातील हे त्याला निर्मितीपूर्वीच ठाऊक असले पाहिजे. पूर्वजन्म नाही असे मानले, तर त्या जीवाच्या पदरी आधीचे कोणतेही कर्म नाही. अशा निरपराध जीवाला, त्याचा शेवट ठाऊक असूनही, निर्माण करणे हे दयेचे लक्षण कसे मानावे? शिवाय मनुष्याचे आयुष्य मर्यादित आणि त्यातील पापही मर्यादित. मर्यादित अपराधाला अमर्याद शिक्षा देणे न्यायाच्या कोणत्या तत्त्वात बसते? शिक्षेने अपराध्याचे शुद्धीकरण होत असेल तर तिला प्रयोजन आहे. जिचा शेवटच होत नाही तिच्यातून सुधारणा संभवत नाही.

या युक्तिवादाचा पाया ब्रह्मसूत्रातील 'वैषम्यनैर्घृण्य' चर्चेत आहे, हे सहज ध्यानात येते. शंकराचार्यांनी ईश्वराच्या बचावासाठी वापरलेला कर्मसिद्धान्त गोरे यांनी प्रतिपक्षाच्या परीक्षेसाठी वापरला. ज्या धर्मात पूर्वकर्म नाही त्या धर्मात वैषम्याचा आणि निर्दयपणाचा दोष थेट ईश्वराकडे जातो, असा त्यांचा आशय होता. कालक्रमही येथे महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांना अनंत शिक्षेविषयीच्या मतांमुळे लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापकपद गमवावे लागले ते १८५३ मध्ये. गोरे यांचा ग्रंथ त्याआधी सुमारे आठ वर्षांचा आहे. यास्तव हा आक्षेप पाश्चात्त्य सुधारणावाद्यांकडून आला, असे मानण्यास आधार राहत नाही.

६. मतपरिवर्तन आणि अनंत शिक्षेचे समर्थन

विल्यम स्मिथ या मिशनऱ्याला वादात निरुत्तर करावे या हेतूने नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे गेले आणि त्या चर्चेतूनच ते ख्रिस्ती धर्माकडे वळले. मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्या समवेत ते इंग्लंडला गेले. परतल्यानंतर त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ लिहून हिंदू दर्शनांचे खंडन केले. त्याचे इंग्रजी भाषांतर फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढील काळात गोरे अँग्लिकन पंथातील कॅथलिक वळणाच्या गटाकडे आकृष्ट झाले. अनंत शिक्षेच्या सिद्धान्तावरील आक्षेपांना उत्तर देणारी त्यांची इंग्रजी पुस्तिका १८६८ मध्ये कलकत्त्याहून प्रकाशित झाली.

ही पुस्तिका लिहिण्याची गरज का भासली, हे समजण्यासाठी त्या दशकातील घटना पाहाव्या लागतात. १८६० मध्ये इंग्लंडमध्ये 'एसेज अँड रिव्ह्यूज' हा निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील एच. बी. विल्सन यांच्या लेखात अखेरीस सर्वांचा उद्धार होईल अशी आशा व्यक्त केली होती. त्यांच्यावर धार्मिक खटला चालला. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने ही आशा बाळगणे चर्चच्या धर्ममताविरुद्ध ठरत नाही असा निर्णय दिला. हिंदुस्थानातील दत्तकविधान आणि वारसाहक्क यांची अपिले ज्या न्यायपीठापुढे जात, त्याच न्यायपीठापुढे नरकाच्या कालमर्यादेचा प्रश्न यावा, हा इतिहासातील एक विशेष योग होय. या निर्णयाच्या विरोधात सुमारे अकरा हजार धर्मगुरूंनी ऑक्सफर्ड येथील जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि अनंत शिक्षेवरील श्रद्धा पुनःप्रतिपादित केली.

हिंदुस्थानात दुसऱ्या बाजूने आव्हान आले. बंगालमधील ब्राह्मो समाज आणि ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत स्थापन झालेला प्रार्थना समाज यांनी एकेश्वरवाद स्वीकारला. परंतु ग्रंथप्रामाण्य व अवतार नाकारले. ईश्वर प्रेमळ पिता आहे हे मनुष्याची बुद्धी आणि अंतःकरणच सांगते, असा या मंडळींचा विश्वास होता. गोरे यांचा या मंडळींशी दीर्घ वाद झाला. प्रेमळ आणि पवित्र ईश्वराची ही कल्पना केवळ बुद्धीने प्राप्त झालेली नसून ती ख्रिस्ती प्रकटीकरणातून घेतलेली आहे, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. ज्या स्रोतातून ईश्वराचे प्रेम कळले त्याच स्रोतातून त्याचा न्यायही कळतो. त्यांतील एक स्वीकारून दुसरा नाकारण्याचा अधिकार मनुष्याच्या बुद्धीला कोणी दिला, असा प्रश्न या भूमिकेतून उद्भवतो.

यावरून गोरे यांच्या मतपरिवर्तनाचे मर्म लक्षात येते. तरुणपणी त्यांनी दया व न्याय यांची मानवी कसोटी घेऊन सिद्धान्ताची परीक्षा केली. नंतर त्यांनी त्या कसोटीच्याच अधिकाराविषयी शंका घेतली. १८४४ मधील आक्षेपांचे निरसन त्यांनी त्या आक्षेपांच्या पातळीवर केले असे म्हणण्यापेक्षा त्यांनी वादाची भूमीच बदलली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. सी. ई. गार्डनर यांनी १९०० मध्ये लिहिलेल्या त्यांच्या चरित्रातून गोरे आयुष्यभर शंकांनी व्याकुळ होत असत, हे दिसून येते. ज्या मनुष्याचे आईवडील व आप्तेष्ट हिंदू होते, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहिला असण्याचा संभव कमी आहे.

गोरे यांचा प्रभाव पंडिता रमाबाई यांच्यावरही पडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वीच्या काळात गोरे यांच्या लेखनाने आपल्या शंका दूर होण्यास साहाय्य झाले, हे त्यांनी मान्य केले आहे. तथापि त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचा अधिकार यांविषयी त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी जो निर्भीड पत्रव्यवहार केला, त्यावरून गोरे यांनी बुद्धीला घातलेली मर्यादा रमाबाईंना पूर्णपणे मान्य नव्हती हे स्पष्ट होते.

७. दोन समवयस्क : गोरे आणि विष्णुबुवा

गोरे यांचे समवयस्क असलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी (विष्णू भिकाजी गोखले, १८२५-१८७१) हे आजच्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील शिरवलीचे. गोरे यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर नऊ वर्षांनी, १८५७ च्या पूर्वार्धात, विष्णुबुवांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा इंग्रजी वृत्तान्त प्रसिद्ध केला, तर 'समुद्रकिनारीं वादविवाद' हे मराठी पुस्तक १८७२ मध्ये निघाले. 'वेदोक्तधर्मप्रकाश' (१८५९) या ग्रंथात विष्णुबुवांनी वेदप्रामाण्यावर आधारित धर्माची मांडणी केली.

दोघेही चित्पावन, दोघांचाही जन्म एकाच वर्षीचा. एकाने बनारसच्या पाठशाळेत शास्त्रांचे रीतसर अध्ययन केले होते. दुसऱ्याने तसे अध्ययन न करता तपश्चर्या व स्वानुभव यांच्या आधारे मराठीत सामान्य श्रोत्यांसमोर वाद केला. गोरे यांचा आक्षेप संस्कृत हस्तलिखितात शंभर वर्षे पडून राहिला आणि विष्णुबुवांचा वाद किनाऱ्यावर जमलेल्या जनसमुदायापर्यंत पोहोचला. कोणता विचार समाजात रुजतो हे त्याच्या तार्किक बळावर जितके अवलंबून असते तितकेच तो कोणत्या भाषेत आणि कोणापुढे मांडला जातो यावरही असते, हे या दोन चरित्रांच्या तुलनेतून दिसते.

८. दोन्ही उत्तरांच्या मर्यादा

ख्रिस्ती जगतात अनंत शिक्षेविषयीचा विचार पुढे बदलत गेला. मुंबईत १८३१ मध्ये मिशनरी कुटुंबात जन्मलेले फ्रेडरिक विल्यम फॅरर यांनी १८७७ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रवचने देऊन बहुसंख्य मानवजात अनंत यातनेला पात्र आहे या समजुतीवर हल्ला चढविला. पुसी यांनी १८८० मध्ये त्यांना उत्तर दिले. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही परंतु जे सदसद्विवेकाने वागतात त्यांचे तारण संभवते, असे मान्य केले. जपानी ख्रिस्ती लोकांच्या अश्रूंना चारशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर होय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुलै १९९९ मध्ये नरक हे स्थळ नसून मनुष्याने स्वतः ईश्वरापासून दूर जाण्याची अवस्था आहे, असे विवेचन केले. तथापि नरकाच्या अनंततेचा सिद्धान्त कॅथलिक चर्चने सोडलेला नाही. मनुष्याचे स्वातंत्र्य मानले तर नकाराचे स्वातंत्र्यही मानावे लागते, हा त्यामागील तर्क आहे. या तर्कात बळ आहे. परंतु अज्ञानात केलेला नकार कायमचा का मानावा, हा तरुण गोरे यांना अभिप्रेत असलेला प्रश्न त्यानेही पूर्णपणे सुटत नाही.

दुसऱ्या बाजूला, कर्मसिद्धान्ताने ईश्वरावरील आरोप दूर होतो हे खरे. मात्र तो आरोप नाहीसा होत नाही, तो दुःखी मनुष्याकडे सरकतो. जन्मतः आंधळा, जन्मतः दरिद्री, जन्मतः अस्पृश्य ठरविलेला मनुष्य स्वतःच्या अज्ञात पूर्वजन्मातील पापाचा धनी ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात पूर्वकर्माच्या या सिद्धान्तावर नेमका हाच आक्षेप घेतला. दीनदुबळ्यांच्या स्थितीविषयीच्या जबाबदारीतून राज्य आणि समाज यांना मुक्त करणे हाच अशा सिद्धान्ताचा हेतू असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'त ईश्वराच्या निर्दयपणाची चिकित्सा करणाऱ्या तरुण पंडिताला ही बाजू दिसली नाही. ती दिसण्यासाठी वादात सहभागी होणारा मनुष्य समाजाच्या दुसऱ्या टोकाचा असावा लागला.

अशा रीतीने अनंत नरकाचा सिद्धान्त ईश्वराच्या दयेवर भार टाकतो आणि कर्माचा सिद्धान्त पीडिताच्या माथ्यावर. एकात उत्तर भविष्यात शोधले आहे, दुसऱ्यात भूतकाळात. वर्तमानातील दुःखाकडे थेट पाहण्याचे दोन्ही उत्तरांत राहून जाते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, अनंत नरकाविषयीचा मराठी पंडितांचा आक्षेप परकीय विचाराचे अनुकरण नव्हता. त्याची मुळे ब्रह्मसूत्रातील चर्चेत होती आणि इंग्लंडमधील गाजलेल्या वादांच्या आधी तो मांडला गेला होता. दुसरा, गोरे यांचे मतपरिवर्तन हे आक्षेपाला सापडलेल्या उत्तरापेक्षा मानवी बुद्धीच्या अधिकाराविषयीच्या भूमिकेतील बदलाचे द्योतक आहे. म्हणून त्यांना केवळ 'धर्मांतरित प्रचारक' किंवा केवळ 'भ्रमिष्ट पंडित' ठरविणे इतिहासदृष्ट्या अन्यायाचे होईल. तिसरा, वादाच्या दोन्ही पक्षांनी दया हीच ईश्वराची कसोटी मानली होती. दया हे ईश्वराचे लक्षण नाही असे कोणीही म्हटले नाही, ही समान भूमी वादाच्या धामधुमीत दुर्लक्षित राहिली.

चौथा निष्कर्ष वारकरी परंपरेशी संबंधित आहे. ज्ञानदेवांनी पापी जीवाच्या दुर्गतीचे वर्णन करताना नरकाची मीमांसा केली नाही, आपली वाणी रडते असे म्हटले. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर नव्हे. परंतु नरकावर श्रद्धा ठेवणाऱ्या मनुष्याने तेथे जाणाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे त्यातून कळते. झेवियर यांच्या पत्रातील दुःख आणि ज्ञानेश्वरीतील कळवळा यांच्यामध्ये अडीचशेहून अधिक वर्षांचे व दोन धर्मांचे अंतर आहे. तरी दोन्ही ठिकाणी सिद्धान्त जेथे कठोर झाला तेथे सिद्धान्त सांगणाऱ्याचे मन द्रवले आहे. सुतकाच्या घरी गरुडपुराण ऐकणारी माणसे संध्याकाळी माउलीला हाक मारतात ती बहुधा याच कारणाने. ईश्वराच्या करुणेचा प्रश्न दर्शनांनी पूर्णपणे सोडविलेला नाही. मनुष्याच्या करुणेचा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीपुढे नव्याने उभा राहतो आणि त्याचे उत्तर त्या पिढीलाच द्यावे लागते.